मागची झील

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

शाहिराचे स्मरण करायचे म्हटले की आपण त्याच्या आवाजाला 'खडा', 'पहाडी' अशी विशेषणे लावून मोकळे होतो आणि त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या माणसांना विसरतो. लोकशाहीर विठ्ठल उमप यांच्या बाबतीत हे विसरणे चालणार नाही, कारण त्यांच्या मागे झील धरायला, म्हणजे त्यांच्या ओळीचा शेवट उचलून सूर लांबवायला, अनेकदा त्यांची मुलेच उभी असत. 'कुटुंबवत्सल' हा शब्द शोकसभांत इतक्या जणांना चिकटवला गेला आहे, की तो वापरताना मला संकोच वाटतो. पण ज्याने आपला संसार आणि आपला फड वेगळा ठेवला नाही, त्याच्यासाठी दुसरा शब्द सापडत नाही.

उमपांचा जन्म १५ जुलै १९३१ रोजी मुंबईतील नायगावात झाला. हा गिरण्यांचा, कामगारांच्या चाळींचा परिसर. कोकणातले, घाटावरचे लोक आपापली गाणी घेऊन येथे एका गॅलरीत राहायला आले होते, आणि आंबेडकरी जलशांनी याच मुंबईत गाण्याला विचाराची धार दिली होती. पोवाडा, भारूड, गोंधळ, कोळीगीत, कव्वाली, भीमगीत हे सारे एकाच गळ्यात कसे मावले, असा प्रश्न अभ्यासकांना पडतो. चाळीत वाढलेल्या माणसाला तो पडणार नाही.

आता झिलीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते या माणसाचा स्वभाव तिथेच कळतो. मुख्य गायक ओळ शेवटाशी आणून सोडतो. मागचा झीलकरी शेवटचा शब्द उचलतो आणि 'जी जी' म्हणत लांबवतो. तेवढ्या क्षणभरात पुढच्याला श्वास घ्यायचा असतो आणि समोरच्या गर्दीचा अंदाजही. झील अर्धी मात्रा आधी आली तर त्याचा श्वास अडतो, उशिरा आली तर ओळ जमिनीवर आपटते. हे वहीत लिहून शिकवता येत नाही. एकत्र जेवणाऱ्या, एकत्र प्रवास करणाऱ्या, एकमेकांच्या खोकल्याचाही अर्थ ओळखणाऱ्या माणसांनाच ते जमते. साथीदार म्हणजे पगारी वाजवणारा नव्हे, सोबती, हा लोककलेतला जुना व्यवहार आहे, आणि उमपांची रंगमंचावरची बैठक त्याच व्यवहारातली होती.

'जांभूळ आख्यान' ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. द्रौपदीच्या मनात कर्णाविषयी ओढ निर्माण होते. खुडलेले जांभूळ पुन्हा देठाला लागावे म्हणून प्रत्येकाला आपल्या मनातले खरे बोलावे लागते, आणि ते बोलणे तिला सर्वांत जड जाते. गोंधळाच्या बाजातल्या या आख्यानात सत्तरी उलटलेला एक पुरुष द्रौपदी होत असे. नुसती मान किंचित कलली, नजर खाली गेली की बाई उभी राही. पुढच्याच क्षणी तोच माणूस पुन्हा निवेदक होऊन प्रेक्षकांना हसवत असे. एवढ्या वेगाने आत-बाहेर जाणे एकट्याच्या बळावर होत नाही. बापाने द्रौपदीचे दुःख गायचे आणि मुलांनी मागून त्या दुःखाला सूर द्यायचा, यात एरवी अवघडलेपण आले असते. येथे ते कधी जाणवले नाही, आणि मला तरी उमपांच्या घराविषयी यापेक्षा अधिक पुरावा नको आहे.

२६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात दीक्षाभूमीवरील एका कार्यक्रमात 'जय भीम' म्हणून ते रंगमंचावरच कोसळले आणि गेले. वय ७९. अशा मरणाला आपल्याकडे भाग्याचे मरण म्हणतात. मला मात्र त्या वेळी साथीला बसलेल्यांचीच आठवण येते, ज्यांचे कान पुढच्या ओळीकडे लागलेले असतील.

पुढे 'जांभूळ आख्यान' त्यांचे चिरंजीव नंदेश उमप सादर करू लागले. ज्याने मागून झील धरली, तो पुढे आला, आणि आता त्याच्या मागे दुसरे कोणी शब्द उचलायला उभे असते.