मागच्या सीटवरची माणसं

(दांडिया बाजार, बडोदा. पहाटेची वेळ. वाड्याच्या दारात गाडी उभी. डिकीत पिशव्या चढताहेत.)

बडोद्याच्या मराठी घरांचं निम्मं गणगोत मुंबई-पुण्याला. लग्न, मुंज, बारसं, काहीही निघालं की पहाटे गाडी काढायची. बसायच्या जागा ठरलेल्या. बाबा चालवणार, काका त्यांच्या शेजारी. मागे खिडकीशी आजी, मग मामी, मामीच्या मांडीवर बाळ, आणि उरलेल्या जागेत मी आणि माझा चुलतभाऊ. मागची सीट म्हणजे जपायच्या माणसांची जागा, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

गाडीत मागेही बेल्ट होते. पण सीट कव्हर चढवताना बकलं कव्हरच्या खाली गेली आणि सहा वर्षं तिथेच राहिली. ती कुठे आहेत, हे घरात कुणी विचारलंसुद्धा नाही.

(महामार्ग ४८. ट्रकांच्या रांगा. दूरवर पूल.)

४ सप्टेंबर २०२२, रविवार. उदवाड्याहून मुंबईकडे निघालेली एक गाडी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाच्या कठड्यावर आदळली. मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल, दोघेही गेले. दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले.

हा आमचाच रस्ता. त्या पुलावरून आम्ही किती वेळा गेलो असू, याचा हिशेब नाही. रात्री बातम्या बघताना आजीने विचारलं, "ते मागे बसले होते ना? मग?"

त्या ‘मग?’चं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. ते शोधायला ही फिल्म केली.

(गॅरेज. बेल्टचा पट्टा हळूहळू बाहेर येतो. मग एक हिसका. पट्टा अडकतो.)

गाडी ताशी ८० किलोमीटरने धावते, म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. गाडीबरोबर आपणही तेवढ्याच वेगात असतो, फक्त ते जाणवत नाही. गाडी आदळून थांबते. आपल्याला मात्र कुणीच थांबवलेलं नसतं. मागचा माणूस त्याच वेगाने पुढच्या सीटवर जातो आणि पुढे बेल्ट लावून बसलेल्यालाही चिरडू शकतो. वेग ५० असला, तरी ती धडक तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतकी असते.

हा तीन ठिकाणी धरणारा पट्टा १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोलिन या अभियंत्याने आणला, आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. पट्टा जोर घेतो तो छातीच्या आणि कमरेच्या हाडांवर, पोटावर नाही. म्हणून खालचा भाग पोटावर न ठेवता मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडाशी बसवायचा. गरोदर बाईने तर नक्कीच तसा, पोटाच्या खालून. "बेल्ट जाम झालाय" अशी तक्रार आम्हीही करायचो. पण हिसका बसला की अडकणं हेच तर त्याचं काम. सोडून द्या, हळू ओढा, येतो.

आणि एअरबॅग? ती बेल्टच्या जोडीला असते, बेल्टऐवजी नाही. तिच्यावर मोकळं शरीर जाऊन आदळलं, तर तीच इजा करू शकते.

केंद्र सरकारच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये बेल्ट न लावलेले १६,७१५ लोक देशात रस्ते अपघातांत गेले. त्यांतले ८,३३१ चालक नव्हते, प्रवासी होते. मी हा आकडा दोनदा वाचला.

(चौकात वाहतूक पोलीस. एक चालक घाईने पट्टा ओढतो.)

मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावायचा, हा नियम चारोटीनंतर आलेला नाही, तो आधीपासूनच होता. २०१९ च्या दुरुस्तीने दंड १,००० रुपये झाला, गुजरातने तो ५०० वर आणला. पण मागच्या काचेतून कोण बघतंय? बेल्ट न लावताच इशाऱ्याचा आवाज बंद करणारी क्लिप ऑनलाइन मिळायची. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच कंपन्यांना ती विक्रीतून काढायला लावली. जीव वाचवणारा आवाज गप्प करायला आपण पैसे मोजत होतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

दंड नको, समजावून सांगा, असं पुष्कळ जण म्हणतात. मला दोन्ही हवं. हे सयाजीरावांचं शहर आहे. १९०६ मध्ये त्यांनी साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंड होता. आमच्या पणजीच्या हाती पाटी आली, त्यामागे ती सक्तीही होती.

(घराचं अंगण. बाळाची सीट गाडीत बसवली जाते.)

सगळ्यात अवघड गेलं ते मामीला. मांडीहून सुरक्षित जागा कोणती, असं तिला वाटायचं. दहा किलोचं बाळ ५० च्या वेगाने आदळताना हातांवर शंभर किलोहून जास्त ओढ देतं. तेवढं धरून ठेवणं कुणालाच शक्य नाही, आईलाही नाही. हे कळल्यावर मामी बराच वेळ गप्प होती. पुढच्या महिन्यात बाळाची सीट आली.

मग सीट कव्हर उसवलं. बकलं निघाली, बिस्किटांच्या चुऱ्यासकट. आजीची तक्रार वेगळीच होती, पदर चुरगळतो आणि पट्टा मानेला घासतो. पाठीमागे पातळ उशी घेतली, तर पट्टा सैल पडून काम बिघडतं. मग बसायची जागा बदलून पाहिली. उजव्या खिडकीशी पट्टा तिच्या खांद्यावर नीट बसला. पदर तिने आधीच पिनेने लावला.

जागेचा प्रश्न मात्र राहिला. बाळाची सीट, मामी, आजी: मागची सीट भरली. पाचव्या-सहाव्या माणसाला कोंबायची सोय संपली. म्हणून या गणपतीला मी आणि चुलतभाऊ रात्रीच्या रेल्वेने निघालो. स्टेशनवर असताना बाबांचा फोन आला. मागून आजी सांगत होती, "तिला म्हणावं, मी लावलाय. काकांचाच राहिलाय."