लेथवरची कार्बाईड टिप आणि प्लॅटिनमचं काम

बेळगावात उद्यमबागेतल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये जावा, लेथवर बिडाचा जॉब फिरतोय, काळा चुरा उडतोय आणि कापायचं काम करतीय ती नखाएवढी टिप, बऱ्याचदा वर सोनेरी कोटिंग असलेली. ती बहुतेक करून टंगस्टन कार्बाईडची. कडक एवढी की पोलाद सोलते, पण आपटली की कोपरा उडालाच.

ह्याच कार्बाईडचा एक वेगळाच गुण 1973 मध्ये लेव्ही आणि बूदार ह्या दोन संशोधकांनी मांडला, काही रिअॅक्शनमध्ये ते चक्क प्लॅटिनमसारखं वागतं, म्हणजे कॅटॅलिस्टचं काम करतं, स्वतः न संपता रिअॅक्शनचा वेग वाढवतं. नुसतं टंगस्टन तसं वागत नाही, आत कार्बन शिरला की धातूच्या इलेक्ट्रॉनची मांडणी बदलते. प्लॅटिनमचा भाव माहीत असलेल्या माणसाला ही केवढी मोठी गोष्ट आहे ते वेगळं सांगायला नको.

मग टिपच कुटून वापरली तर? नाही चालत. टिपेची पावडर 1400 डिग्रीच्या वर बनते, कण जाड होतात, आणि कॅटॅलिस्टचं सगळं काम तर कणाच्या वरच्या थरावर चालतं, त्यामुळं कण जेवढे बारीक तेवढं चांगलं.

मग बारीक कणांचं कार्बाईड करायचं कसं? आता ही पांढरट पावडर बघा, मॉलिब्डेनम ऑक्साईड. मॉलिब्डेनम हा टंगस्टनच्याच गटातला धातू, त्याचं कार्बाईडही असंच वागतं. क्वार्ट्झच्या नळीत ठेवायची, वरून हायड्रोजन आणि त्यात साधारण 20 टक्के मिथेन सोडायचा, आणि भट्टी मिनिटाला एखाद-दोन डिग्रीनं चढवत 700 च्या आसपास न्यायची. ऑक्सिजन पाण्याची वाफ होऊन बाहेर पडतो, त्याच्या जागी कार्बन बसतो, पावडर काळी होत जाते. घाई केली की कण एकमेकांना चिकटतात. मिथेन जास्त झाला किंवा उष्णता वाढली की काजळी धरते, म्हणजे कार्बाईड तयार आहे पण झाकलेलं, उपयोग शून्य. आपल्याकडं केस हार्डनिंगच्या भट्टीवर जी माणसं काम करतात त्यांना ही काजळी चांगली ओळखीची आहे, गिअरमध्ये कार्बन घालताना ते हेच तर सांभाळत असतात! मला वाटतं ह्या विषयातलं अर्धं ज्ञान त्यांच्या हातात आधीच आहे.

भट्टी गार झाली तरी नळी उघडायची नाही हं. ताजी पावडर हवेत आली की पेट घेऊ शकते, म्हणून आधी एखादा टक्का ऑक्सिजन मिसळलेला निष्क्रिय वायू तासन्‌तास सोडतात, कणांवर ऑक्साईडची पातळ साल धरते, आणि मग वापरायच्या आधी हायड्रोजनमध्ये तापवून ती साल परत काढावी लागते.