नीरेच्या माळावरचा वेल्श कवी

श्रोतेहो, नमस्कार.

वाल्ह्याचा मुक्काम हलवून माउलींची पालखी नीरेला येते. नदीत पादुकांना स्नान होतं, पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो आणि वारकरी लोणंदची वाट धरतात. आपल्याकडच्या बहुतेकांना नीरा ठाऊक आहे ती अशी. फार तर पुण्याहून मिरजेला जाताना लागणारं एक स्टेशन म्हणून.

1943 च्या सुरुवातीला याच नीरेजवळ ब्रिटिश फौजेच्या एका पलटणीचा तळ होता. पलटणीचं नाव सिक्स्थ साउथ वेल्स बॉर्डरर्स. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढायला जायचं, त्याआधी उन्हाची आणि डोंगराची सवय व्हावी, म्हणून ही मंडळी इथं कवायती करत होती. त्यांच्यात सत्तावीस वर्षांचा एक अधिकारी होता. दिवसभर शिपायांबरोबर माळ तुडवायचा, रात्री बायकोला पत्रं लिहायचा आणि मधल्या वेळात कविता. त्याचं नाव अॅलन लुईस.

त्याला इंग्रज म्हणू नका बरं का. कविता इंग्रजीत लिहायचा, पण माणूस वेल्सचा. 1 जुलै 1915 ला अॅबरडेअरजवळच्या कुमामन या खेड्यात जन्मला. दक्षिण वेल्समधलं हे खोरं म्हणजे कोळशाच्या खाणी आणि त्यांच्या कडेनं खाणकामगारांच्या घरांच्या रांगा. घराण्यातले पुरुष खाणीत उतरायचे. वडील मात्र शिकून मास्तर झाले. 1926 मध्ये खाणकामगारांनी महिनोन्‌महिने संप केला आणि शेवटी पोटाला चिमटा बसल्यावर हार मानून पुन्हा खाली उतरले, तेव्हा अॅलन अकरा वर्षांचा होता. ज्या जमिनीखाली जन्म काढायचा तिच्यातला मूठभर कोळसाही आपल्या मालकीचा नाही, हे त्या मुलानं घरबसल्या पाहिलं. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागेल.

शिष्यवृत्तीवर शिकला, अॅबरिस्टविथच्या विद्यापीठात इतिहासात पहिला वर्ग मिळवला, शाळेत मास्तरकी केली. मनानं युद्धविरोधी, तरी 1940 मध्ये सैन्यात भरती झाला, आधी रॉयल इंजिनिअर्समध्ये. पहिलं नाव झालं ते तिथल्या एका कवितेनं. कवितेत लढाई नाहीच. रविवार आहे, दिवसभर पाऊस लागलाय आणि तंबूत अडकलेले शिपाई स्वस्तातल्या सिगारेटी ओढताहेत, मळके मोजे रफू करताहेत, शिळोप्याच्या गप्पा मारताहेत. एकाला कोल्हा दिसला, त्यानं तो घरच्या चिठ्ठीत लिहूनही टाकला. बस, एवढंच. कंटाळा इतका खरा लिहिलाय की आपलीही पाठ अवघडते. शेवटी कवी एका केसाळ कुत्र्याबरोबर टेकडी चढतो. ही टेकडी एडवर्ड थॉमसची. तोही कवीच, पहिल्या महायुद्धात 1917 मध्ये फ्रान्समधल्या आरासला मारला गेला. नव्या युद्धातला शिपाई जुन्या युद्धातल्या शिपायाला जणू भेटून येतो.

1941 मध्ये ग्वेनो एलिस या शिक्षिकेशी लग्न झालं. 1942 मध्ये पहिला संग्रह निघाला आणि त्याच वर्षी जहाज सुटलं. ब्राझील, दक्षिण आफ्रिका असा मोठा वळसा घालून ते डिसेंबरात मुंबईला लागलं. नीरेला आल्यावर स्वारी फुटबॉल खेळताना जबडा मोडून घेते आणि पुण्याच्या लष्करी इस्पितळात पडते. 1943 च्या त्याच फेब्रुवारीत पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचा एकवीस दिवसांचा उपास चालला होता. बेचाळीसचा वणवा विझला नव्हता, आणि आपण कुणाच्या बाजूचा गणवेश घातलाय याचं भान या माणसाला पक्कं होतं. त्याची एक कथा आहे. अशांत मुलखातून जाणाऱ्या एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या ड्रायव्हरचा खून होतो. प्रेत गाडीत घेऊन अधिकारी वाट चुकतो, गाडी नदीत रुतते आणि शेवटी मदतीला येतात ती कुठलाच मुलूख आपला न म्हणणारी भटकी माणसं.

आता त्याच्या ज्या कवितेसाठी मी आज तुमच्यापुढे बसलोय तिच्याकडे वळतो. तिचं नाव ‘द महरट्टा घाट्स’, म्हणजे आपलेच घाट. ही कविता मी पहिल्यांदा वाचली तेव्हा, खरं सांगतो, राग आला. त्यात बारके दुष्ट देव आहेत, दात विचकणारे पुजारी आहेत, आणि ते देव माणसांच्या हाडांतला मगज चोखताहेत. म्हटलं, झालं! आणखी एक साहेब आला आणि चार महिन्यांत आपला न्याय करून गेला. मराठी कळत नाही, ओवी कानावर पडली तरी उमजायची नाही, पलीकडे जेजुरीला काय चालतं याचा पत्ता नाही. हा राग माझ्या मनातून पुरता गेलेला नाही आणि तो घालवायची मला गरजही वाटत नाही.

पण दुसऱ्यांदा वाचताना माती दिसली. खालच्या मैदानाचे दात त्यानं काळे म्हटलेत आणि घाटमाथ्यावरची नव्यानं उकरलेली माती तांबडी, पिठासारखी मऊ. अहो, खाली काळी आणि वर जांभ्याची तांबडी, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. या परक्यानं ते दोन-तीन ओळींत बरोबर पकडलंय. वाळकं गवत न् काटे घशात घेऊन खडकांतून वाट काढणारी शेरडं पकडलीत. आणि उन्हात खपणारी माणसं अशी दाखवलीत, की ती पाठीवरून सूर्यच ओढत नेताहेत. कोळशाच्या खाणीत ओझी ओढणारी माणसं पाहिलेल्या मुलालाच हे दिसणार. खोऱ्यातल्या बाईला तो विचारतो, तू ही हडकुळी गुरं आणि शेणीचा विस्तव सोडून वर का येत नाहीस? आणि मग स्वतःच म्हणतो, ती हलूच शकत नाही. जमीन तिच्या मालकीची नाही, तीच जमिनीच्या मालकीची आहे.

शेवटी दोन प्रश्न येतात. रस्त्याचा चढ चढतंय ते कोण? दुसरं कोण, आपलं ओझं वाहणारा भिकारी. तुटता तारा बघून ओरडलं कोण? दुसरं कोण, युद्धात हरवलेला, जमीन नसलेला शिपाई. खाणीचं म्हणालो होतो ते इथं येतं. भिकारी आणि शिपाई त्यानं एकाच मापानं मोजले, आणि शिपायात तो स्वतः आला. दात विचकणाऱ्या पुजाऱ्यांवर खेकसणारा साहेब या ओळीपर्यंत पोचतो तेव्हा साहेब उरलेला नसतो.

‘द पेझंट्स’ ही दुसरी कविता आणखी छोटी, बारा ओळींची. तळ्याकाठी बैलांमागून गाणं म्हणत जाणारा एक ठेंगू माणूस. रस्त्यावर खडी फोडणाऱ्या, डोईवर भार घेऊन ताठ चालणाऱ्या बाया. पोटात पोर वाढतंय. त्यांच्यासमोरून शिपाई जातात, शिपायांमागून झोकांड्या खात इतिहास जातो आणि शेतकरी त्यांना मरताना बघत राहतात. इथं बघणारे आपण आहोत आणि मरणारे ते. त्या वर्षी पलटणीनं खडकवासल्याच्या पाण्यावरही सराव केला होता. त्यानं पाहिलेली तिथल्या धरणाची भिंत 1961 च्या पानशेतच्या पुरात फुटली.

पुढचं थोडक्यात सांगतो. त्याच वर्षी जुलैत रजेवर निलगिरीतल्या कुन्नूरला गेला, तिथं फ्रीडा अॅक्रॉइड या विवाहित बाईच्या प्रेमात पडला आणि त्या ओढाताणीतून काही उत्कट कविता झाल्या. मग कराचीला एक अभ्यासक्रम केला. तिथंच शिकवायला थांब, कॅप्टनचा हुद्दा देतो, असं वरिष्ठ म्हणाले. त्यानं नकार दिला. आपल्या पलटणीतली वेल्श पोरं आघाडीवर जाणार आणि आपण फळ्यापुढं उभं राहायचं, हे त्याला पटेना. 1944 च्या सुरुवातीला ब्रह्मदेशातल्या आराकानच्या जंगलात पोचला. 5 मार्चच्या सकाळी दाढी, आंघोळ उरकल्यावर थोड्या वेळानं आपल्याच पिस्तुलाची गोळी लागून तो पडलेला सापडला आणि काही तासांत गेला. शत्रूशी अजून गाठही पडली नव्हती. लष्कराच्या चौकशीनं अपघात म्हणून नोंद केली. त्याच्यावर अभ्यास करणाऱ्यांत त्यावर अजून वाद आहेत. वय अठ्ठावीस. कबर ब्रह्मदेशात, ताउकचानच्या युद्धस्मशानात आहे. दुसरा संग्रह पुढच्या वर्षी निघाला, इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्हजच्या प्रस्तावनेसह.

जाता जाता ‘करंजे व्हिलेज’बद्दल. आपल्याला करंजे म्हटलं की बारामती तालुक्यातलं सोमेश्वराचं करंजे आठवतं. कवितेत झाडूवाला साहेबाला सांगतो, करंज्यात देऊळ आहे, सोन्याच्या छपराचं. आणि तिथं लुईसनं चक्क ‘गाव’ हा आपला शब्द इंग्रजी ओळीत बसवलाय. गेल्यावर त्याला दिसतात डुकरं, गिधाडं, भीक मागणारी उघडी पोरं. आणि माळावर दगडांच्या ढिगाशी एकटाच बसलेला, दगडातला छोटा विष्णू. तो त्याला म्हणतो, एकटा ये. इथं बारके देव दुष्ट राहिलेले नाहीत. जगातलं आपल्याला कमी कमीच हवंसं वाटू लागलंय, हे प्रिय बाईला कसं सांगावं आणि तिला ते कळेल का, असं विचारून कविता थांबते.

याच कवितेत एक फूल आहे. उजाड रानात, पाली-सरड्यांच्या संगतीत उमललेलं, नाजूक पाकळ्यांचं पिवळं पॉपी. लुईस त्याला अनोळखी म्हणतो. उन्हाळ्याच्या तोंडी त्या रस्त्यानं एसटीनं गेलात तर खिडकीतून बघा, बांधाला, रुळाच्या कडेला काटेरी पानांत तसलंच पिवळं फूल दिसेल. मला वाटतं, ते हेच. मूळचं ते मेक्सिकोकडचं, समुद्र ओलांडून आलेलं. कुणी त्याला पिवळा धोतरा म्हणतं, कुणी बिलायत. आणि जुनी माणसं म्हणतात, फिरंगी धोतरा.

नमस्कार.