हाउगेन नेमके कोणत्या टेकडीचे?

अध्यक्षांनी आजचा विषय 'स्कँडिनेव्हियन पूर्वजांचा शोध : नोंदी आणि नावे' असा जाहीर केला आणि मी तो पाऊण तासात पूर्ण करीन, असा विश्वासही व्यक्त केला, यांपैकी विषयाची जबाबदारी मी घेतो, वेळेची घेत नाही. नॉर्वे, स्वीडन किंवा डेन्मार्कमधला पूर्वज शोधताना जो आडनावाचा धागा धरतो, तो बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तरी आजोबांच्या दारात जाऊन उभा राहतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

मिनियापोलिसला राहत असताना आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ होते, आडनाव हाउगेन. त्यांचे पणजोबा नॉर्वेहून आले होते. एका व्यावसायिक संशोधकाकडून त्यांनी सतराव्या शतकापर्यंतची वंशावळ करून घेतली होती आणि ढाल-तलवारीच्या कुलचिन्हासह ती दिवाणखान्यात सोनेरी चौकटीत लावली होती. (कसणाऱ्या कुळाला कुलचिन्ह कोठून मिळाले, हे शेजारधर्म म्हणून मी विचारले नाही.) पुढे त्यांच्या माळ्यावरच्या पेटीत पणजोबांचा दृढीकरणाचा दाखला सापडला. डेन्मार्क-नॉर्वेमध्ये 1736 पासून हा चर्चचा विधी प्रत्येकाला सक्तीचा होता, त्यामुळे असे दाखले पुष्कळ घरांत आढळतात. या दाखल्यावर जन्मतारीख पणजोबांचीच होती, वडिलांचे नावही जुळत होते, पण शेवटी हाउगेनऐवजी बाक्केन लिहिले होते. हा कागद परक्याचा समजून ते तो टाकून देणार होते.

मी त्यांना थांबवले, ते विद्वत्तेमुळे नव्हे, तर मराठी असल्यामुळे. आपण स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव आणि मग आडनाव लिहितो. जुना नॉर्वेजियन शेतकरीही तेच करी. 'ओले लार्सन हाउगेन' म्हणजे ओले, लार्सचा मुलगा, राहणार हाउगेन. ओलेच्या मुलाच्या नावात 'ओल्सन' येई, मुलीच्या नावात 'ओल्सदात्तर', आणि ती मुलगी लग्नानंतरही नोंदवहीत मरेपर्यंत ओल्सदात्तरच राहत असे. इथवर आपल्याला ओळखीचे वाटते. घोटाळा तिसऱ्या शब्दात आहे. आपला चिपळूणकर चिपळूण सोडल्यावर चिपळूणकर होतो, कारण खुद्द चिपळुणात तसे म्हणून कोणाला ओळखायचे? तिकडे नेमके उलटे होते. शेतवाडीचे नाव माणूस तेथे राहीपर्यंतच चालत असे आणि त्याने बिऱ्हाड हलवले की नाव बदलत असे. शेजाऱ्यांचे पणजोबा बाक्केनवर जन्मले आणि लग्नानंतर बायकोच्या माहेरच्या हाउगेन वाडीवर राहायला गेले, म्हणजे घरजावई झाले, आणि म्हणून हाउगेन झाले. पाच वर्षांनी त्यांनी अमेरिकेची बोट धरली, तेव्हा अंगावर जे नाव होते तेच तेथे कायम झाले. बोट दहा वर्षे आधी सुटली असती, तर माझे शेजारी बाक्केन असते.

बरे, 'हाउगेन' म्हणजे 'ती टेकडी' आणि 'बाक्केन' म्हणजे 'तो उतार'. नॉर्वेत टेकड्यांना आणि उतारांना काय तोटा? त्या संशोधकाने भलत्याच खोऱ्यातली टेकडी निवडून तेथल्या कुटुंबाचे सारे पूर्वज शेजाऱ्यांना जोडून दिले होते. वंशावळ चौकटीसकट गॅरेजमध्ये गेली. कुलचिन्ह मात्र कात्रीने कापून दिवाणखान्यातच राहिले. ते वहिनींना आवडले होते.

स्वीडनची तऱ्हा याहून मजेशीर आहे. 1682 पासून रुजलेल्या लष्करी व्यवस्थेत काही शेतांचा एक गट मिळून एका शिपायाला झोपडी आणि जमीन देत असे. एकाच तुकडीत दहा अँडर्स अँडरसन निघाले तर हाक कोणाला मारायची, म्हणून शिपायांना छोटी नावे मिळत : रास्क म्हणजे चपळ, मूदिग म्हणजे शूर, डोल्क म्हणजे खंजीर. हे नाव अनेकदा माणसापेक्षा जागेला चिकटलेले असे; एक डोल्क गेला की त्याच झोपडीत येणारा पुढचा शिपाईही डोल्क होई, आणि त्या दोघांचे रक्ताचे नाते काहीच नसे. शिकलेल्यांनी आणखी वेगळी वाट धरली. निल्स इंगेमारसन विद्यापीठात गेले, तेव्हा घरच्या जमिनीवरच्या प्रचंड लिंडन वृक्षावरून त्यांनी 'लिनेयस' हे लॅटिन वळणाचे नाव घेतले. सजीवांना द्विनाम पद्धतीने नावे देणारे कार्ल लिनेयस हे त्यांचेच चिरंजीव. नावे ठेवण्याची हौस घरातलीच म्हणायची.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा प्रत्यक्ष शोध कसा करावा ते आता भरभर सांगतो.

आधी परगण्याच्या चर्चचे आणि वाडीचे नाव मिळवा, माणसाचे नाव त्यानंतर. कायम आडनावाची सक्ती डेन्मार्कमध्ये 1828 च्या आदेशाने सुरू झाली, स्वीडनमध्ये 1901 साली आणि नॉर्वेत 1923 साली. त्याआधीचे आडनाव हा पुरावा समजू नका. नॉर्वेसाठी 1801 आणि 1865 च्या जनगणनांपासून सुरुवात करावी. तेथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या आणि चर्चच्या वह्या विनामूल्य पाहण्यासाठी खुल्या ठेवल्या आहेत. स्वीडनमध्ये 1686 च्या चर्च कायद्यानंतर पाद्री घरोघरी जाऊन वाचन आणि धर्मप्रश्नोत्तरी तपासत असत. त्या परीक्षेच्या वह्यांत कुटुंबातले प्रत्येक माणूस, त्याची जन्मतारीख, तो कोठून आला आणि कोठे गेला, हे एकाच पानावर मिळते. डेन्मार्कमधली एखादी वही जळालेली निघाली तरी निराश होऊ नका, कारण 1812 च्या आदेशानुसार तेथे दोन प्रती ठेवत आणि त्या एका रात्रीपुरत्याही एका छपराखाली ठेवण्यास मनाई होती.

शेवटची गोष्ट तारखांची. जुन्या वह्यांत तारखेऐवजी 'त्रैक्यानंतरचा तिसरा रविवार' असे लिहिलेले आढळते (त्रैक्य म्हणजे ईस्टरनंतर आठ आठवड्यांनी येणारा ख्रिस्ती सण), तेव्हा त्या वर्षीचा ईस्टर शोधून दिवस मोजावे लागतात. स्वीडनने 1700 मध्ये लीप दिवस गाळून जुन्या ज्युलियन पंचांगावरून आजच्या ग्रेगोरियन पंचांगावर हळूहळू जायला घेतले, मग बेत सोडला आणि जुन्या गणतीवर परतण्यासाठी 1712 च्या फेब्रुवारीला 30 दिवस दिले. त्यामुळे 30 फेब्रुवारी 1712 रोजी जन्मलेली एखादी पणजी सापडली, तर पाद्रीबुवांची चूक समजून ती नोंद खोडू नका.