उघडलेल्या व्हायलचा हिशेब

अध्यक्ष महोदय, आरोग्यसेविका भगिनींनो, आशाताईंनो आणि मित्रहो, पत्रिकेवर आजचा विषय ‘लसीकरणातील कचऱ्याची विल्हेवाट’ असा छापलेला आहे. त्या विषयाकडे मी येणारच आहे. परंतु त्याआधी लस वाया जाण्याविषयी आपल्या यंत्रणेच्या मनात जी भीती बसली आहे, तिच्याबद्दल बोलणे मला अधिक निकडीचे वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, लसीची व्हायल, म्हणजे छोटी बाटली, उघडेपर्यंत आपण तिचा हिशेब अतिशय चोख ठेवतो आणि ती उघडली की आपल्याला फक्त वाया गेलेल्या डोसांची टक्केवारी आठवते. त्या व्हायलचे, सुईचे आणि सिरिंजचे पुढे काय झाले, हे विचारायला मात्र कुणी बसलेले नसते.

मी तालुका पातळीवर काम करत असताना एका मासिक आढावा बैठकीत घडलेला प्रसंग मी अनेक ठिकाणी सांगितला आहे आणि आजही तो सविस्तर सांगणार आहे. एका उपकेंद्राच्या सिस्टरांना उभे करून, गोवर-रुबेलाची लस एवढी वाया कशी गेली, असे विचारण्यात आले. या लसीत २५ टक्क्यांपर्यंतची नासाडी गृहीत धरलेली असते आणि क्षयरोगाच्या बीसीजी लसीत तर ५० टक्क्यांपर्यंत. सिस्टरांचा आकडा त्याच्या कितीतरी पुढे गेला होता. त्यांनी शांतपणे सांगितले की, तीन पाड्यांवर तीन सत्रे झाली, प्रत्येक सत्राला या लसीसाठी एकच मूल आले आणि म्हणून दहा डोसांच्या तीन व्हायल उघडाव्या लागल्या. तीन मुलांना लस मिळाली, सत्तावीस डोस टाकून द्यावे लागले. या लसीत जंतुरोधक घटक नसतो. द्रावण मिसळल्यानंतर चार तासांच्या आत ती वापरावी लागते, कारण त्यानंतर तिच्यात जंतू वाढले तर बाळाच्या जिवावर बेतू शकते. सिस्टरांनी जे केले ते तंतोतंत नियमाप्रमाणे होते, कारण एकच मूल आले तरी व्हायल उघडावी असेच आपले धोरण सांगते. तरीही त्यांना मिळालेले उत्तर असे होते : “पुढच्या वेळी मुले गोळा झाल्याशिवाय व्हायल उघडू नका.”

पुढच्या महिन्यात त्यांची टक्केवारी सुधारली आणि त्याच बैठकीत त्यांचे कौतुकही झाले. नंतर ड्यू-लिस्ट, म्हणजे लस देणे बाकी असलेल्या मुलांची यादी, पडताळली तेव्हा नऊ महिने उलटून गेलेल्या काही मुलांच्या नावापुढची जागा रिकामी दिसली. आई बाळाला कडेवर घेऊन डोंगर उतरून आली होती, आणि “पुढच्या सत्राला या” असे ऐकून परत गेली होती. रोजगार बुडवून आलेली बाई दुसऱ्यांदा येईलच, असे गृहीत धरण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? टाकून दिलेला डोस कागदावर दिसतो, परत गेलेले मूल दिसत नाही; आणि कागदावर दिसते तेवढ्याचाच जाब विचारण्याची आपल्याला सवय लागली आहे. या सभागृहातल्या किती भगिनींना असे उभे केले गेले आहे, हे मी विचारत नाही, कारण हात वर करण्यात निम्मी सभा जाईल.

याचा अर्थ नासाडी टाळूच नये असा नाही. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्रित लस), टीडी (धनुर्वात व घटसर्पावरची), पोलिओ यांसारख्या लसींची उघडलेली व्हायल अटी पाळून २८ दिवसांपर्यंत वापरता येते, आणि त्यासाठी व्हायलवर तारीख-वेळ लिहिणे व व्हीव्हीएमचा, म्हणजे लसीला उष्णता लागली का ते रंगावरून दाखवणाऱ्या खुणेचा, चौकोन पाहणे पुरेसे सोपे आहे. कोविडच्या काळात, मे २०२१ मध्ये, केरळने ७३,३८,८०६ डोस मिळाले असताना ७४,२६,१६४ डोस दिल्याचे जाहीर केले. व्हायलमध्ये मुळातच थोडी जास्त भरलेली लस तिथल्या परिचारिकांनी कसबाने वापरली होती. असे कसब शिकवावे, पण त्याचा दंडुका करून पाड्यावरच्या सिस्टरांवर उगारू नये.

व्हायलचा शेवटपर्यंतचा हिशेब ठेवणे अशक्य आहे असे कुणी म्हटले, तर मी पोलिओचे उदाहरण देतो. २५ एप्रिल २०१६ रोजी आपल्या देशाने तीन प्रकारच्या विषाणूंची तोंडावाटे द्यायची पोलिओ लस थांबवून दोन प्रकारांची लस सुरू केली, कारण दुसऱ्या प्रकारचा नैसर्गिक विषाणू जगातून नाहीसा झाला होता आणि लसीतला त्याच प्रकारचा विषाणू राहू देणे धोक्याचे होते. त्या वेळी जुनी लस शीतसाखळीतून, म्हणजे लस थंड ठेवणाऱ्या साठवण-वाहतूक व्यवस्थेतून, वेचून काढून नष्ट करण्यात आली, आणि ९ मे हा त्याच्या पडताळणीचा राष्ट्रीय दिवस ठरला. असा हिशेब सुटला की काय होते तेही पुढे दिसले : २०१८ मध्ये गाझियाबादच्या एका उत्पादकाच्या लसीत तोच दुसऱ्या प्रकारचा विषाणू सापडला आणि ती लस ज्या राज्यांत वापरली गेली, त्यांत महाराष्ट्रही होता.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे, त्यामुळे छापलेला विषय आता घाईने मांडतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी दवाखान्याबाहेरची लसीकरण शिबिरेही आपल्या कक्षेत घेतली आहेत, तेव्हा पाड्यावरच्या झाडाखाली निर्माण झालेला कचराही प्राथमिक आरोग्य केंद्राचीच जबाबदारी आहे. सुई टोचल्यावर तिथल्या तिथे हब कटरने, म्हणजे सुई सिरिंजपासून कापून वेगळी करणाऱ्या छोट्या यंत्राने, कापावी. कापलेल्या सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, सिरिंजचे प्लास्टिक लाल पिशवीत, रिकामी काच निळ्या खोक्यात, आणि जिवंत लस शिल्लक राहिली असेल तर ती निर्जंतुक करून पिवळ्या पिशवीत जावी. न कापलेली सिरिंज बाजारात परत येते. २००९ साली गुजरातमधल्या मोडासा भागात काविळीच्या साथीने अनेकांचे जीव गेले, तेव्हा वापरलेल्या सिरिंजच्या फेरविक्रीचा धंदाच उघडकीला आला होता.

या कचऱ्यावर प्रक्रिया करणारे सामाईक केंद्र साधारणपणे ७५ किलोमीटरच्या परिघातले असावे असे नियम सांगतात, आणि अतिदुर्गम भागात खोल पुरण्याची मुभा देतात. धडगाव किंवा भामरागडला कचऱ्याची गाडी रोज पोहोचत नसेल, तर तिथे सुयांचा पक्का, झाकणबंद, कुलूप असलेला खड्डा हवा, आणि तो भरल्यावर पुढे काय करायचे याची तरतूद आधीच व्हायला हवी. पिशव्या उचलणाऱ्या सफाई कामगाराला हेपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस देणे नियमानेच बंधनकारक आहे. ती देण्यासाठी वेगळ्या आदेशाची वाट पाहू नये.

माझी मागणी दोन बदलांची आहे. मासिक आढाव्यात वाया गेलेल्या डोसांच्या रकान्याशेजारी ‘लस न घेता परत गेलेली मुले’ असा रकाना हवा. आणि प्रत्येक सत्राला दिलेल्या सिरिंज व कापून परत आलेल्या सिरिंज यांचा मेळ वैद्यकीय अधिकाऱ्यांनी स्वतःच्या सहीने घालावा. हे दोन्ही पुढच्याच बैठकीपासून सुरू करता येईल आणि त्यासाठी नव्या निधीची गरज नाही.