‘मु. पो.’मधला ‘पो.’

फलकावर विषय लिहिलाय ‘जासूद ते मेल : टपालातले शब्द’. शीर्षक मीच दिलंय, त्यामुळे संयोजकांवर ढकलता येत नाही. त्याला येतोच, पण आधी एक तक्रार.

परवा एक लग्नपत्रिका आली. पत्ता : ‘मु. पो. मंगळवार पेठ, कोल्हापूर’. अहो, पेठेला कसलं मु. पो.? नावाआधी ‘श्री’ लावतात तसं हे पत्त्याआधी लावायचं नसतं. मुक्काम म्हणजे तुम्ही राहता ते गाव. पोस्ट म्हणजे ज्या गावच्या कचेरीतून तुमचं टपाल वाटलं जातं ते. दोन्ही एकच असेल तर जोडून लिहायचं, नसेल तर तोडून : मु. अमुकवाडी, पो. तमुक बुद्रुक. आता वाडीकराच्या बाजूनं बघा. बुद्रुकशी जत्रेत भांडण, बांधावरनं कोर्टकचेरी, कुस्तीच्या फडात खुन्नस; आणि मुंबईत गिरणीत असलेल्या पोराची मनिऑर्डर यायची ती ‘पो. बुद्रुक’ लिहूनच! वाडीला स्वतःचं पोस्ट मिळणं हा माझ्या मते सरपंचपदापेक्षा मोठा मान होता. आणि आपण तो ‘पो.’ नक्षीसारखा छापतो.

मुक्कामाचीही तीच गत. शब्द अरबी, थांबण्याच्या जागेचा. त्याचा अर्थ नीट सांभाळला तो एसटीनं. मुक्कामी गाडी रात्री गावात थांबते, पहाटे निघते. म्हणजे पुण्यात भाड्याच्या फ्लॅटवर असलेली आपली पोरं खरी मुक्कामाला आहेत, पण ती ‘मु.’ लिहीत नाहीत. इथं तीन पिढ्या हललो नाही ते आपण लिहितो. (हशा)

हसू नका, पुढचं ऐका. ऑनलाइन काही मागवलं की ‘लँडमार्क’ भरा म्हणतात. मी भरलं, मिरजकर तिकटी. पार्सलवाल्या पोराचा फोन : ‘काका, तिकीट कुठं काढायचं?’ पोरगा बाहेरचा, त्याचा काय दोष? त्याला सांगितलं, बाळा, तीन रस्ते मिळतात ती तिकटी. आता सरळ ये आणि तालीम विचार. म्हणाला, ‘कुठली?’ हेही बरोबरच होतं म्हणा. आमच्या पोस्टमनला मात्र नुसतं आडनाव पुरायचं, आणि त्या आडनावाची चार घरं असली तर पत्र कुणाच्या जावयाचं असेल हेही त्याला ठाऊक असायचं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

जासूद : मराठेशाहीच्या कागदांत हा पत्र पोचवणारा. हिंदीतला जासूस हेर, त्याच्याशी गल्लत नको. घाईच्या पत्राला सांडणीस्वार. खलिता मुळात पिशवी, पुढं आतल्या पत्रालाच ते नाव पडलं. लखोट्यात लाख आहे, ज्यानं तोंड बंद करायचं ती. पाकीट इंग्रजीतून आलं आणि खिशात, आहेरात, नको तिथं टेबलाखालीही गेलं. तार मुळात धातूची, मग तिच्यातून येणाऱ्या बातमीची. दारात तार आली की वाचायच्या आधीच रडारड. ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेलं, हे इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको.

पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ला. कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकरांची, आणि हे गृहस्थ संस्कृतचे पंडित! आपला ४१६ सांगलीच्या बऱ्याच भागाला आणि सिंधुदुर्गालाही आहे. तांबडा रस्सा आणि सोलकढी एकाच थैलीत.

पोस्ट : फेसबुकवर टाकतात ती एक. अभ्यासिकेतली पोरं ‘पोस्ट काढली’ म्हणतात ती दुसरी, म्हणजे स्पर्धा परीक्षेतून मिळालेली नोकरी. पत्राचा दोन्हींशी संबंध नाही.

मेल राहिलाच. मुलगा ‘मेल केला’ म्हणतो, सून ‘मेल केली’, मी ‘मेल केलं’. नातू म्हणतो, ‘आजोबा, व्हॉट्सअ‍ॅप करा.’ घ्या माईक.