करंगळीच्या कडेचा जांभळा ठिपका

पडद्यावर दिसतो आहे तो उंदराचा साडेदहा दिवसांचा भ्रूण. तो जेमतेम 4 ते 5 मिलिमीटर लांब आहे. पुढच्या पायांच्या जागी अजून बोटे नाहीत, हाडे नाहीत; आहेत ते दोन फुगीर कोंब. त्या कोंबाच्या मागच्या कडेला, जिथे पुढे करंगळी येणार आहे, तिथे एक जांभळा ठिपका नीट पाहा.

हा रंग भ्रूणाचा स्वतःचा नाही. ‘सॉनिक हेजहॉग’ या जनुकाच्या आरएनएला नेमका चिकटणारा पूरक तुकडा भ्रूणात मुरवून, मग विकराच्या साहाय्याने तो रंग आणलेला आहे. म्हणजेच इथे आपल्याला प्रथिन दिसत नाही, तर ते बनवण्याचा निरोप कोणत्या पेशींत निघाला आहे ते दिसते. हा भेद विसरून चालणार नाही, कारण तयार झालेले प्रथिन पेशीबाहेर पडते आणि ठिपक्याच्या हद्दीपलीकडे पसरते.

बोटांचे वेगळेपण त्यावरच ठरते. करंगळी, तिच्या शेजारचे बोट आणि मधल्या बोटाचा काही भाग या ठिपक्यातल्या पेशींच्याच वंशजांतून घडतो. दुसऱ्या बोटाला दुरून येणारे प्रथिन पुरते. अंगठ्याला मात्र त्याची गरजच पडत नाही. हे जनुक निकामी केलेल्या उंदरांच्या मागच्या पायावर एकच बोट उरते.

हेच प्रथिन त्याआधी, आठव्या दिवसाच्या सुमारास, पृष्ठरज्जूत (भ्रूणाच्या पाठीतल्या आधारदांड्यात) आणि पाठोपाठ त्यावरच्या चेतारज्जूच्या तळाशी कामाला लागलेले असते. ते नसेल तर चेहऱ्याचे दोन भाग वेगळे होत नाहीत आणि मध्यभागी एकच डोळा बनतो, हे 1996 मध्ये दाखवले गेले. एकच संकेत पाठीच्या कण्याजवळ एक अर्थ घेतो आणि पायाच्या कोंबात दुसरा. मला या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

पायातला हा ठिपका चालू करणारी डीएनएची कळ जनुकापासून सुमारे 8 लाख बेस-जोड्या (डीएनएची अक्षरे) दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या आत दडलेली आहे. तिथले एखादे अक्षर बदलले, तरी कोंबाच्या पुढच्या कडेलाही दुसरा ठिपका उमटू शकतो आणि पिल्लाला जादा बोट फुटते.

बाराव्या दिवसाच्या आसपास ठिपका विरत जातो. तोवर पंजाच्या चपट्या तळव्यात बोटांच्या कूर्चेच्या पहिल्या रेषा उमटू लागलेल्या असतात.